शोभन संवत्सराचे दोन राजे

अमेरिकेतल्या एडिसन गावच्या रविवारच्या मराठी शाळेत गुढीपाडव्याचं वर्षफल उलटं वाचतात. एरवी गुरुजी पंचांग उघडून येणाऱ्या वर्षाचं सांगतात: राजा कोण, मंत्री कोण, पाऊस कसा, धान्य किती. शाळेच्या इलाबाईंचं म्हणणं असं, की पुढचं सांगणाऱ्याची चूक कुणाला धरता येत नाही, मागचं सांगणाऱ्याची धरता येते. तेव्हा मुलांनी मागचंच सांगावं. सरलेलं कुठलंही एक वर्ष घ्यायचं, आपण राहिलो त्या गावाचं घ्यायचं, आणि पंचांगाच्या चालीवर मांडायचं. नियम एकच. डोळ्यांनी दिसलं ते 'पाहिलं' म्हणायचं, कानावर आलं ते 'ऐकलं' म्हणायचं, आणि दोन्हींची सरमिसळ करायची नाही.

राजा कसा ठरतो हे बाईंनी सांगितलं तेव्हा वर्गात हशा पिकला. पाडवा ज्या वारी येतो, त्या वाराचा ग्रह त्या वर्षाचा राजा. यंदाचा पाडवा रविवारी, म्हणून राजा रवि.

"म्हणजे कोणी व्होटच नाही केलं?" वीरनं विचारलं. "बाई, दॅट्स टोटली रिग्ड."

"ग्रहांना कोण विचारतंय, बाळा," बाई म्हणाल्या. "माणसांना मात्र विचारावं लागतं."

सगळे हसले, रुही हसली नाही. आपण कुठलं वर्ष घ्यायचं हे तिच्या मनात तेवढ्यात पक्कं झालं होतं.

रुही बारा वर्षांची. जन्मली आणि वाढली लिब्रव्हिलला. ती गाबोनची राजधानी. गाबोन हा मध्य आफ्रिकेतला देश. विषुववृत्त त्याच्या पोटातून जातं, पश्चिमेला समुद्र आणि बाकी बहुतेक जंगलच जंगल. तिचे बाबा, शंतनू, शहराबाहेरच्या लाकडाच्या कारखान्यात इंजिनिअर होते. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर फ्रेंच, मधलं काही नाही. त्यामुळे तिची मराठी इतकी स्वच्छ, की एडिसनची पोरं तिला 'आजी' म्हणून चिडवत. गेल्या उन्हाळ्यात बाबांना इथे नोकरी लागली आणि ते तिघं अमेरिकेत आले. नोकरीचं सुचवलं राजेशमामांनी. घर बघून दिलं त्यांनी, आणि पहिल्या आठवड्याचा किराणा ओक ट्री रोडवरून भरून आणला तोही त्यांनीच. राजेशमामा म्हणजे रुहीच्या आईचे मावसभाऊ, वीरचे बाबा, आणि एडिसनच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. माणूस हाकेला धावणारा. फक्त हाक नसली तरी धावणारा.

याच राजेशमामांनी रुहीच्या कुटुंबाला वाचवलं होतं. निदान एडिसनमध्ये तरी सगळे असंच समजत.

झालं होतं असं. दोन हजार तेवीसच्या ऑगस्टमध्ये गाबोनात निवडणूक झाली आणि मतदान संपता संपता सरकारनं देशाचं इंटरनेट बंद करून टाकलं. मामांनी बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला, तर त्यावर एकच टिक. दुसऱ्या दिवशी पाहिलं, एकच टिक. तिसऱ्या दिवशीही तेच. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मंडळींना आपल्या बेसमेंटमध्ये जमवलं, अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं झाली, आणि शेवटच्या आवर्तनाला मामांना इतकं रडू आलं की वीरला वरून पाणी आणावं लागलं. सकाळी उठून फोन बघतात तर दुसरी टिक आलेली, आणि बातम्यांत एकच गलबला: गाबोनमध्ये सैन्यानं सत्ता घेतली. मामांनी दोन आणि दोन चार केले. सत्तापालटाच्या जबड्यातून गणपतीनं बहिणीला ओढून काढलं.

तेव्हापासून ही कथा मंडळात रुळली होती. कार्यक्रमात भेटणारी प्रत्येक काकू रुहीच्या डोक्यावरून हात फिरवी आणि म्हणे, बिचारी, एवढ्याशा वयात काय काय पाहिलंस. रुही सांगायला तोंड उघडे, तोवर काकू पुढच्या प्रश्नाला पोचलेली असे: तिकडे फ्रिज होता का गं?

म्हणून रुहीनं तेच वर्ष घेतलं. पाडव्याच्या आधीच्या रविवारी तिनं ते वर्गात वाचून दाखवलं.

"शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन संवत्सर, गाव लिब्रव्हिल. पंचांगातला राजा बुध. तो वर्षभर टिकला. गाबोनला मात्र राजे दोन झाले. पहिल्याच्या घराण्याकडे माझे आजोबा शाळेत होते तेव्हापासून राज्य होतं, असं ऐकलं. त्या वर्षी श्रावणही दोन आले. दुसऱ्या श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला पहाटे टीव्हीवर शिपाई आले आणि म्हणाले, राज्य संपलं. हे पाहिलं. मग गल्लीतले लोक बाहेर आले, भांडी वाजवली, शिपायांना मिठ्या मारल्या, नाचले. हे पाहिलं. मीही नाचले. आईनं नारळी भात केला होता, तो आम्ही शेजारच्या मामाँ ओदेतला दिला. मामाँ म्हणजे आई, तिकडे मोठ्या बायकांना तसंच म्हणतात. तिनं आम्हाला भाजलेली केळी दिली. नवा राजा जुन्या राजाच्या नात्यातलाच, असं ऐकलं. तो चांगला की वाईट, मला माहीत नाही."

वीर टेबलावर हात आपटत म्हणाला, "आजी, दॅट्स नॉट अ रेस्क्यू. दॅट्स अ पार्टी."

नागपूरच्या शाळेत इलाबाईंनी उभं आयुष्य पोरांची वाक्यं ऐकण्यात घालवलं होतं. वाक्य कुठे अडखळलं हे त्यांना चटकन कळे. त्यांनी विचारलं, वर्षफलात अनिष्टही सांगतात, तुझ्या वर्षात वाईट काहीच घडलं नाही का? रुही मान खाली घालून म्हणाली, घडलं, पण ते पाडव्याच्या आधी, फाल्गुनात. लिब्रव्हिलहून पोर्त-जांती बंदराला निघालेली बोट रात्री समुद्रात बुडाली. बरीच माणसं गेली. मामाँ ओदेतचा धाकटा भाऊ त्या बोटीवर होता. पण तारीख आदल्या संवत्सरात जाते, म्हणून लिहिलं नाही.

"बोट आदल्या वर्षात बुडाली, खरं," बाई म्हणाल्या. "आणि तिची वाट पाहणं? ते कुठल्या वर्षात जातं?"

रुहीनं पेन उचललं आणि खाली आणखी चार ओळी लिहिल्या.

राजेशमामा वीरला न्यायला आले, तेव्हा तो कागद वीरच्याच उत्साहामुळे त्यांच्या हाती पडला. त्यांनी उभ्याउभ्या वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. बाईंना बाजूला घेऊन ते बराच वेळ बोलत राहिले. सणाचा दिवस, बाहेरचे पाहुणे येणार, आणि स्टेजवरून पोरगी सांगणार की सैन्यानं राज्य घेतलं आणि मी नाचले? ज्यांनी घसा सुकेपर्यंत आवर्तनं केली, त्यांनी काय समजायचं? बोटीचं तर राहूच द्या, पाडव्याला बुडणं कशाला. त्यांनी स्वतःच एक मजकूर लिहून द्यायची तयारी दाखवली, 'संकटातून सुटका' नावाचा. रुहीनं तो पाठ करून म्हणावा. मी फक्त एडिट म्हणतोय बाई, असं ते तीनतीनदा म्हणाले.

बाईंनी शांतपणे सांगितलं की मुलीचं वर्ष मुलीचं आहे, विचारायचं तर तिलाच विचारा. मामांनी विचारलं. रुही नाही म्हणाली.

घरी आई, अनुष्का, पोळ्या लाटता लाटता समजावत राहिली. राजेशदादानं आपल्यासाठी किती केलंय, परक्या देशात कोण कुणाचं एवढं करतं, एक नाच गाळला तर कुठे आभाळ कोसळतंय.

"मग त्या दिवशी मी काय केलं म्हणून सांगू? रडले म्हणू?" रुही म्हणाली. "आई, तूपण नाचलीस."

"मी नाही नाचले. मी दारात उभी होते."

"टाळ्या वाजवत."

लॅपटॉपच्या आडून बाबांना हसू फुटलं. आईनं लाटणं थांबवून त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते हसू तिथेच विरलं.

"आई, इथे सगळ्यांना वाटतं, मी तिकडून पळून आले," रुही म्हणाली. आता तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि आईला तेच जड गेलं. "मला कुणी वाचवलं नाही. मी माझं गाव सोडून आले. एकदा का मी स्टेजवरून मामांचं म्हटलं, की मग तेच खरं होईल. मग मामाँ ओदेतला मी कुठे ठेवू?"

आईनं पोळी तव्यावर टाकली. पुन्हा आग्रह केला नाही.

दोन दिवसांनी मामांचा फोन आला. कार्यक्रम लांबतोय म्हणून रुहीचं वाचन काढावं लागलं, असं त्यांनी कळवलं, आणि पोरीचा हिरमोड नको म्हणून तिला मानाचं काम दिलं: जेवणाच्या रांगेच्या तोंडाशी उभं राहून सगळ्यांना कडुनिंबाची चटणी वाटायची. इलाबाई भडकल्या. त्यांनी रुहीला फोन करून सांगितलं, तू म्हण, मी कमिटीपुढे जाऊन बसते. रुहीनं थोडा विचार केला आणि एवढंच विचारलं, "बाई, पाडव्याला कडुनिंब सगळ्यांनाच खावा लागतो ना?"

"ज्याला जेवायचंय त्याला खावाच लागतो. आधी कडू, मग गोड."

"मग कमिटी राहू द्या," रुही म्हणाली.

पाडव्याला भाड्याच्या शाळेचा कॅफेटेरिया नऊवारी, पैठण्या आणि जॅकेटांनी भरून गेला. मुलांची वर्षफलं झाली. नैनानं जर्सी सिटीतल्या आपल्या बिल्डिंगचं वर्ष वाचलं. त्यात राजा लिफ्ट दुरुस्त करणारा होता आणि तो वर्षभर प्रजेला दिसलाच नाही. टाळ्या कडकडल्या. मग माइकवरून जेवणाची घोषणा झाली आणि श्रीखंड-पुरीच्या वासाला माणसं रांगेत लागली.

रांगेच्या तोंडाशी रुही उभी होती. हातात वाडगा, त्यात कडुनिंबाची पानं, गूळ, ओवा, हिंग, भिजवलेली डाळ वाटून केलेली हिरवीगार चटणी. वयाचा मान म्हणून इलाबाई पहिल्या आल्या. त्यांनी तळहात पुढे केला.

"बाई, नुसता कडुनिंब मिळणार नाही," रुही म्हणाली. "आधी माझ्या वर्षाचं एक वाक्य ऐकायचं."

बाईंनी हात मागे घेतला नाही. "सांग."

रुहीनं राजांचं सांगितलं आणि चमचाभर चटणी तळहातावर ठेवली. बाईंनी ती तोंडात टाकली, मान डोलावली आणि पुढे सरकल्या. त्यांच्या मागच्या काकांना दुसऱ्या श्रावणाचं मिळालं. त्यांच्या पत्नीला पावसाचं: ऑक्टोबरात अंगणातली कोंबडी वाहून गेली, हे पाहिलं. एका काकूंना जांभळ्या अतांगाचं, ते फळ कोमट पाण्यात मऊ करून मिठाशी कसं खातात ते. त्यांच्या मागच्या गृहस्थांना शिपायांचं, आणि त्यांच्या मुलीला नाचाचं.

कुणी 'बरं बरं' म्हणून हात हलवत पुढे जाऊ पाहत होतं. रुही चमचा वाडग्यात तसाच धरून ठेवी आणि थांबे. कडुनिंबाशिवाय पुरीला हात लावायची छाती कुणाची नव्हती. सगळे थांबत, ऐकत, आणि मगच खात.

थोड्या वेळानं टेबलांवर वेगळीच देवाणघेवाण सुरू झाली. तुला काय आलं? मला राजा आला. मला कोंबडी. अहो, मला ती नाचली म्हणाली, तुम्हाला काय? मला तर शिपाई. मग नाच कशावरून? दोन्ही वाक्यं जोडल्याशिवाय काही कळेना. ज्यांना अर्धं मिळालं होतं ते उरलेल्यासाठी पुन्हा रांगेत येऊन उभे राहिले. मंडळ स्थापन झाल्यापासून कडुनिंबाचा दुसरा चमचा मागायला कुणी आलेलं नव्हतं.

वीर पाण्याच्या बाटल्या घेऊन जाता जाता तिच्या कानाशी पुटपुटला, "आजी, लाइन दारापर्यंत गेलीय. बाबा हॅज नो आयडिया."

पण वीरच्या बाबांना कळलं. राजेशमामा घाईघाईनं आले आणि सरळ टेबलापाशी पोचले. श्रीखंड बाहेर आहे, पुऱ्या गार होतायत, हे काय चाललंय, असं ते दबक्या आवाजात म्हणाले.

"मामा, रांगेतून या," रुही म्हणाली.

मामांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. पण मागून कुणीतरी काका ओरडले, "राजेश, लाइन में आओ यार," आणि पुष्कळजण हसले. मामांनी आजूबाजूला पाहिलं. मग ते मान ताठ ठेवून रांगेच्या शेवटाला गेले आणि उभे राहिले. मामांचा नंबर येईपर्यंत तिनं प्रत्येकाला त्याचं वाक्य दिलं, एकही गाळलं नाही.

मामा समोर आले. त्यांनी हात पुढे केला. रांगेत आता त्यांच्या मागे कुणी नव्हतं. सगळे ताटं घेऊन आजूबाजूला उभे होते. आई बाबांचा दंड धरून उभी होती.

"तुमचं मी राखून ठेवलंय," रुही म्हणाली. "त्या वर्षी आम्ही गुढी उभारली, तेव्हा मामाँ ओदेत धक्क्यावरून परत येत होती. ती रोज जायची, भावाची काही खबर मिळते का बघायला. तिनं विचारलं, हे काय आहे, कशासाठी? आईला सांगता येईना. आईनं गुढी सकाळीच उतरवली आणि दिवसभर तिच्याजवळ बसली. त्या दिवशी आम्ही रडलो. हे पाहिलं."

तिनं चटणी त्यांच्या तळहातावर ठेवली. मामांनी ती तोंडात टाकली नाही.

"तेव्हा मला कुणी कळवलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत. त्या दिवशी इंटरनेट चालू होतं. तुमचं गुढीचं फॉरवर्ड आलं होतं आईला."

मामांनी अनुष्काकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही. होय म्हणून मान हलवली.

"मी घाबरलो होतो गं त्या वेळी," मामा म्हणाले, आणि या वेळी ते सेक्रेटरीसारखं बोलत नव्हते. "खरंच वाटलं होतं की तुम्ही गेलात."

"माहीत आहे. तेही लिहिलंय मी. मामा रडले, असं ऐकलं."

"बाबा," वीर मध्येच म्हणाला, "पण तेव्हा तू साधा कॉल का नाही केलास? लाइक, नॉर्मल फोन?"

मामांनी पोराकडे पाहिलं. मग तळहातावरची चटणी तोंडात टाकली. कडूनं त्यांचे डोळे मिटले. ते चावत राहिले, सावकाश, सगळं गिळून होईपर्यंत.

"चल," ते मग म्हणाले. "माइक चालू आहे अजून. सगळं सांग. बोटीचंही सांग. फक्त तो नाच तेवढा..."

"नाच धरून," रुही म्हणाली.

"अगं, तो नवा राजा कसा निघेल कुणास ठाऊक. उद्या लोक म्हणतील, हिनं सैन्याचा जयजयकार केला."

"मी राजासाठी नाही नाचले. सगळी गल्ली नाचत होती, मामाँ ओदेतसुद्धा. बोट बुडाल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. ते मी गाळणार नाही. आणि मला कुणी वाचवलं नाही, हेही सांगणार."

इलाबाई बाकावर बसून ऐकत होत्या. मामांनी त्यांच्याकडे आशेनं पाहिलं, तर त्यांनी नजर शांतपणे पुरीकडे वळवली.

"माइक नकोच," रुही म्हणाली. "माइकवर लोक जेवत जेवत ऐकतात. इथे थांबून ऐकतात."

मामांनी बाह्या मागे सारल्या, टेबलाला वळसा घालून ते रुहीच्या शेजारी आले आणि तिच्या हातातला वाडगा आपल्या हातात घेतला. तिचा दंड अवघडला होता. तिनं तो झटकला. पाहुण्यांपैकी एक काकू उशिरा पोचल्या होत्या. त्या हात पुढे करून हसत म्हणाल्या, अगदी बोटभरच द्या हो, फार कडू असतो.

मामांनी चमचा काठोकाठ भरला आणि वरच धरून ठेवला.

"आधी ऐका," ते म्हणाले, आणि रुही बोलू लागली.